पंचांना वाचून दाखवलेलं स्तोत्र

वृद्धाश्रमात माझं काम अंथरुणं बदलायचं, आंघोळी घालायच्या आणि संध्याकाळी, ज्यांना दिसत नाही त्यांना बायबल वाचून दाखवायचं. हे शेवटचं काम आश्रम चालवणाऱ्या कॅथलिक सिस्टरांनी दिलं तेव्हा मी घाबरले होते. पाचवीतून शाळा सोडलेली. वाचायला शिकले ती बापाच्या बायबलवर. सिस्टर म्हणाल्या, "चुकलीस तर देव रागावत नाही, आणि मीही नाही." त्यांनी मला छप्पर दिलं, पगार दिला. म्हणून पुढचं लिहिणं जड जातं.

आम्ही मूळचे वाशीमकडचे. बाप आणि मी ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे आलो, मग प्रवरेकाठच्या एका गावात राहिलो. तिथल्या जुन्या चर्चमध्ये डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. बाप दर रविवारी तिथं जायचा. पुढं आजारपणात एका प्रार्थना गटानं त्याला आधार दिला, आणि त्यानं कालव्यात उतरून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, बुडून. दोन वर्षांनी वारला. टेम्पोत त्याला घेऊन मी चर्चच्या दफनभूमीच्या गेटवर गेले, तर किल्ली सांभाळणाऱ्या चर्चच्या पंचांनी कुलूप काढलं नाही. "ज्यानं आमचं पाणी खोटं ठरवलं, त्याला आमची माती कशाला?" म्हणाले. एप्रिलचं ऊन. बापाभोवती लावलेल्या बर्फाचं पाणी टेम्पोतून रस्त्यावर गळत होतं. वाशीम कुठं आणि आम्ही कुठं. शेवटी दुसऱ्या गावच्या कॅथलिक फादरांनी त्यांच्याकडं जागा दिली. एक प्रश्न विचारला नाही.

गेल्या वर्षी तेच पंच आमच्याकडं आले. शुगरनं डोळे गेलेले, मुलांनी आणून सोडलेले. मला ओळखलं नाही. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "पोरी, तेविसावं, मेंढपाळाचं स्तोत्र वाच."

मी एकशेनववं काढलं. ते शापांचं आहे. वैऱ्याचं आयुष्य तुटावं, त्याची जागा दुसऱ्यानं घ्यावी, त्याची प्रार्थनासुद्धा पापात धरली जावी, असं सगळं. मी सावकाश वाचलं, एकेक शब्द त्यांच्या अंगावर ठेवल्यासारखा. वाचून त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"आमेन," म्हणाले. "पोरी, लोकांना वाटतं हे शाप स्तोत्र रचणारा दावीद राजा देतोय. न्हाई. सहाव्या वचनापासनं त्याचे वैरी त्याच्याबद्दल बोलत्यात. आमच्या पाळकांनी नीट शिकवलं हुतं. माझ्या सुना माझ्याबद्दल असंच बोलत्यात बघ."

म्हणजे म्हातारा दावीद होऊन बसला! माझी रात्रभर चिडचिड झाली.

माझ्याबरोबर काम करणारी ताई बुडीच्या बाप्तिस्म्याच्या लोकांतली. तिला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, माणसाविरुद्ध वाचायचं नसतं ते. सैतानाविरुद्ध वाच. मोठ्यानं."

"सैतानानं माझ्या बापाला गेटवर अडवलं न्हवतं."

"पंचाच्या आत तोच हुता."

"मग पंच सुटलेच म्हण की!"

"लई भांडखोर हायस तू," ती हसली.

सिस्टरांना बिचकतच विचारलं. त्या म्हणाल्या, "ते स्तोत्र आमच्या रोजच्या प्रार्थनेत नाहीच. गाळलंय. असले शब्द प्रार्थनेत तोंडातून निघत नाहीत." मग माझ्याकडं बघून, "कोणासाठी विचारतेस?"

"सहज," मी म्हणाले. हे काम गेलं तर मला जायला दुसरी जागा नाही.

तरी राग जाईना. एवढी शहाणी माणसं, एवढी चर्चं, आणि प्रत्येकाच्या वाचण्यात तो माणूस सुटतच होता. माझ्या बापाच्या बाजूनं वाचणारं कुणीच नव्हतं का? मग मीच वाचायचं ठरवलं. मला पाळकांनी शिकवलेलं नाही, पण गेटवर मी उभी होते.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच वाचलं. ते आमेन म्हणायच्या आत मी बोलले, "आजोबा, हे तुमच्याबद्दल आहे." आणि टेम्पो, ऊन, बर्फ, सगळं सांगितलं. आवाज चढू दिला नाही. शेजारच्या खोलीत सिस्टर होत्या.

ते चादर चाचपायला लागले. मग म्हणाले, "कमिटीचा ठराव हुता तो."

"कुलूप तुमच्या हातात होतं."

"बाप्तिस्मा एकच असतो, पोरी."

"बापही एकच असतो."

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज ते नको वाचू." तेव्हा कळलं, पोचलं. मी वाचलं. एक वचन गाळलं नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सिस्टरांकडं तक्रार करतील अशी दिवसभर धास्ती होती, पण त्यांनी केली नाही.

चौथ्या दिवशी मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, "मग कुठं ठेवलं तुझ्या वडलांना?"

आवाज बारीक होता. मला ठाऊक आहे, चांगल्या बाईनं सांगितलं असतं.

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणाले, आणि एकशेनवव्याचं पान काढलं.