मंगलचा होकार

"इचारा की तिला. ती व्हय म्हणती," मंगलची आई म्हणाली.

मी विचारलं. मंगल म्हणाली, "व्हय."

प्रश्न गर्भाची पिशवी काढण्याचा होता. मंगल अठ्ठावीस वर्षांची, बौद्धिक अपंगत्व असलेली, तासगावजवळच्या बेदाणा शेडवर कामाला. दर महिन्याची पाळीची कटकट, आणि आपल्यामागं हिचा कुणी गैरफायदा घेतला तर, ही आईची धास्ती. पिशवीत आजार काहीच नव्हता. म्हणून सांगलीच्या डॉक्टरबाईंनी दोघींना माझ्याकडे पाठवलं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मला कपॅसिटी बघायची होती. कपॅसिटी म्हणजे हुशारी नव्हे. समोरचा एक निर्णय माणसाला कळतो का, तोलता येतो का, सांगता येतो का, एवढंच.

मी मंगलला विचारलं, "तुझं टक्कल करू?"

"व्हय."

आई हसली. मला काही हसू आलं नाही. थोरामोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, हे पोरीला फारच पक्कं शिकवलं होतं. मी आईला बाहेर बसवलं.

दोन दिवस बोलावून चित्रांवरून सगळं समजावलं. ऑपरेशन, टाके, पाळी बंद, मूल नाही. पाळीचा त्रास कमी करायच्या गोळ्याही दाखवल्या. प्रत्येक चित्राला 'व्हय'. मी वैतागले. मग सहज विचारलं, शेडवर काय करतेस? तिनं हातानंच दाखवलं: चांगला बेदाणा या ट्रेत, डागी त्या ट्रेत. म्हणजे 'नको' म्हणण्याचीच तिची नोकरी की! मी टेबलावर चहाचे दोन ट्रे मांडले, एक 'हवं'चा, एक 'नको'चा, आणि चित्रं तिच्या हातात दिली.

पाळी 'नको'त गेली. गोळ्या 'हव्या'त. ऑपरेशन 'नको'त. बाळाचं चित्र तिनं कुठंच टाकलं नाही, हातातच ठेवलं.

"पाळी नको, मग ऑपरेशन का नको?"

"पिशवी काढली की माघारी बसत न्हाई."

पुढच्या आठवड्यात क्रम बदलून पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

मी रिपोर्ट लिहिला: हा निर्णय मंगल घेऊ शकते, आणि तिचा नकार आहे. ऑपरेशन रद्द झालं, गोळ्या सुरू झाल्या. आई रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, "न्हाई म्हणली म्हंजी तिला कळलंच न्हाई, मॅडम."

नाही म्हणणाऱ्याला कळतंय का हे विचारायला बरेच येतात; सांगलीच्या त्या डॉक्टरबाई सोडल्या, तर होकार देणाऱ्याला खरंच कळतंय का हे विचारायला माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही.