बरी झालेली गल्ली

माझ्या हातून आजवर चिक्कार चुका झाल्या, पण एका अख्ख्या गल्लीला औषधाशिवाय बरं करण्याचा पराक्रम एकदाच केला.

धुळीमुळे खोकला कुठे वाढतोय, ते दाखवणारा नकाशा बनवायचं काम माझ्याकडे होतं. दवाखान्यातल्या नोंदी टॅबवर भरायच्या आणि माझ्या प्रणालीनं गल्ल्या रंगवायच्या. रुग्ण जास्त तर लाल, नसतील तर हिरवी. लाल गल्लीजवळच्या धुळीवर आधी कारवाई होणार होती. भांडुपच्या टेकडीवरची एक गल्ली काँक्रीटच्या प्लांटला खेटून होती. नोंदी भरणाऱ्या आरोग्यसेविका ताई तिथेच राहायच्या. त्यांचे सासरे, जुने गिरणी कामगार, यादीत पहिले. प्लांटवर आच्छादन आलं की म्हातारा घरात नीट श्वास घेईल, एवढंच ताईंना हवं होतं.

मी मुलुंडला एसीत बसून नियम लिहिला: तीस दिवस औषधाला आला नाही, तो रुग्ण बरा. झकास!

बैठकीत नकाशा उघडला, तर ती गल्ली हिरवीगार. साहेब म्हणाले, "वा! मग तिथे घाई नको." धुळीवर कारवाई करणारं पथक दुसरीकडे गेलं. मी बिस्किटं खाल्ली.

दोन दिवसांनी ताई ऑफिसात.

"सर, माझ्या सासऱ्यांना कोणी बरं केलं?"

"ताई, महिनाभर आले नाहीत ना ते औषधाला."

"येतील कसे? गावाक गेले ते! इथे दम लागतो म्हणून आम्हीच धाडले. खोकलो वाढलो की आमच्या गल्लीतली म्हातारी माणसा गावाक जातत. जो जास्त आजारी, तो आधी जातो. तू कधी विचारलंस, रे?"

'सर'वरून थेट 'रे'. रास्त होतं. कारण दर हिवाळ्यात माझ्याच आत्याला गावच्या गाडीत मी बसवतो. वर "दम्याचा पंप घेतलास ना?" असंही विचारतो. नियम लिहिताना ती आत्या मला आठवली नाही.

त्याच दुपारी नियम बदलला. गल्ली लालभडक झाली. साहेबांनी स्क्रीनकडे बघून चष्मा काढला. "अहवाल वर गेलाय रे. आता लाल दाखवलं तर आपलीच वाट लागेल. पुढच्या वर्षी बघू."

प्लांट अजून उघडाच आहे. परवा ताईंचा फोन आला.

"सासरे विचारतत, परत येऊ काय? नातवंडांशिवाय करमना नाय त्यांका. तुझ्या अहवालात आमची गल्ली हिरवी हा ना? मग सांगू, येवा म्हणून?"

मी म्हणालो, "नको ताई, इतक्यात नको."

"मग ता तूच त्यांका सांग," म्हणून त्यांनी सासऱ्यांचा नंबर पाठवला. तो मी अजून लावलेला नाही.