दाजींनी मेन पाडली तेव्हा
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला देवपुरातला दाजींचा फोटो स्टुडिओ आठवतो. तिथे अचानक लाइट गेली की कॉम्प्युटरवर लग्नाच्या फोटोंची नावं तेवढी उरायची, आत काहीच नसायचं. दोष सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये होता. फोटो डिस्कवर पोचण्याआधीच कर्नल आपल्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ‘पोचला’ अशी नोंद करून मोकळा व्हायचा. कर्नलवर काम करणं ही माझी नोकरीच, म्हणून मी तो क्रम दुरुस्त केला आणि भर उन्हात जळगावहून येऊन नवा कर्नल दाजींच्या मशीनवर चढवला. ‘आता खोट्या फायली टाकून, लाइट घालवून बघू,’ असं म्हणून मी ताईकडे आत पाणी प्यायला गेलो. तेवढ्यात पंखा मंदावला. धावत बाहेर आलो, तर दाजी मेन स्विचखाली हसत उभे. ‘सकाळच्या लग्नाचे फोटो टाकले अन् पाडली मेन. खरी लाइट काय सांगीसन जास का?’ ‘आणि कॅमेऱ्याचं कार्ड?’ ‘ते पुसलं. सांजले दुसरीकडं हळद शे ना!’ मी घाईनं मेन वर करून मशीन लावलं. सगळी नावं दिसली. पण नावं तर आधीही दिसायची. क्लिक करायला बोट उचलेना. शेवटी मागून आलेल्या ताईनंच माउस घेतला आणि नवरी दिसली, केसांतल्या अक्षतांसकट. ‘जमनं!’ म्हणत दाजी हळदीच्या तयारीला लागले. ती दुरुस्ती पुढे सगळ्यांच्या कर्नलमध्ये गेली; आज कुठल्या कुठल्या मशीनवर चालते, मला ठाऊक नाही. पण लाइट गेली की पंखा पुरता थांबेपर्यंत मला वाटत राहतं, कुठंतरी कोणीतरी आत्ताच कार्ड पुसलं असेल.