पदराखालचा हात

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर तर त्याहून वाईट. चौथीपर्यंतच शिकले. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण राग अजून जात नाही, म्हणून लिहिते.

आमच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे कोणी मानत नाही. मीही नाही. शेजारणीच्या अंगात आलं की मी उठून पाणी भरायला जायचे. तरी हे घडलं...

दोन हजार चार-पाच साल असेल. माझी मोठी बहीण, अक्का, काविळीने गेली. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, तिचा मोठा फोटो हवा होता. धड फोटो एकच — माझ्या लग्नातला. त्यात ती माझ्या शेजारी उभी, उजवा हात माझ्या खांद्यावर. हात दिसतो मनगटाच्या अलीकडेपर्यंतच. पुढचा पंजा माझ्या पदराखाली गेलेला.

आई म्हणाली, "हार घालायच्या फोटोत जित्या माणसाचा खांदा नको बाई. तेवढा काढून घे." दर रविवारी बुद्धविहारात जाणारी, असलं काही न मानणारी माझी आई! पण तिची लेक गेली होती, मी काय वाद घालणार.

नाशिकरोडला स्टेशनपाशी एक फोटो स्टुडिओ होता. नाव लिहीत नाही. मालक स्वतःच कॉम्प्युटरवर बसायचा. त्याने साडेचारशे रुपये आधीच घेतले. द्राक्षाच्या पॅकिंगची माझी नऊ दिवसांची हजेरी.

मला शेजारी बसवून त्याने अक्काला फोटोतून कापून घेतलं. तिच्यामागे करड्या-पांढऱ्या चौकटी आल्या. "ह्या चौकटी म्हणजे मागं काय नाय, ताई. काचेवानी." मग कोपरापासून हात विरळ विरळ करत नेला, धुक्यात जातो तसा. छान दिसत होतं.

पहिला कागद निघाला तर विरळ जागी पांढरे पट्टे. "जेपीजी केलं ना, त्यात काच राहत नाय, पांढरं भरतं," असं मलाच सुनावलं, जशी चूक माझी. मग खाली आकाशी रंग घालून त्याने पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा छापलं.

कागद बाहेर आला... आणि हात पूर्ण होता. मनगट, पंजा, पाची बोटं. कुठे पट्टा नाही, डाग नाही. बोटं जरा वाकलेली, खाली खांदा असल्यासारखी — खांदा मात्र नव्हता.

"पुसलेलं खाली असतंच," तो म्हणाला. "सेव्ह करताना चुकलं की वर येतं."

"पण भाऊ, पंजा मूळ फोटोतच नाही. माझ्या पदराखाली आहे. बघा."

त्याने बघितलं. मूळ फोटो उचलून उजेडात धरला. मग मी त्याला अंगठा दाखवला. नख मधोमध दुभंगलेलं. ते पत्र्याच्या दारात चेंगरलं होतं, माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी.

त्याचा चेहरा उतरला आणि तो माझ्यावरच ओरडला, "डोकं नका खाऊ बाई! दुसरा फोटो घुसवला तुम्ही मधी!"

मी म्हटलं, असाच द्या. मला हाच हवाय.

"असला बिघडलेला माल माझ्या दुकानातून जाणार नाय." म्हणत त्याने कागद फाडला. माझ्यासमोर. चार तुकडे, मग आठ. कॉम्प्युटरमधूनही पुसून टाकला. रेशनच्या रांगेत कोणी पुढे घुसलं तरी गप्प राहणारी मी, त्या दिवशी भर दुकानात ओरडले — "माझ्या बहिणीचा हात होता तो! तुझ्या बापाचा माल नव्हता!" लोक बघत होते. बघू देत.

कार्यक्रमाला नुसत्या चेहऱ्याचा फोटो लावला, दुसऱ्या दुकानातून केलेला. तिथे आधी अक्काचा हातही तसाच विरळ करून बघायला लावला. पुढे काही आलं नाही. त्यांनाही विचारलं. पुसलेलं परत येऊ शकतं, म्हणाले. मग जे फोटोत कधी नव्हतंच ते कसं आलं?

पैसे मागायला तीनदा गेले, तीनदा "उद्या या". मग जायचंच सोडलं. दिवाळीनंतर तोच पावतीवरचा पत्ता शोधत आमच्या घरी आला. आत या म्हटलं तर आला नाही, बाहेरूनच नोटा पुढे केल्या.

"फोटो मी घुसवला होता ना? मग पैसे कशाचे देता?"

तो खाली चपलेकडे बघत राहिला.

मी नोटा घेतल्या आणि त्याला तिथेच उभा ठेवून मोजल्या. साडेचारशे. पूर्ण.