तिनं आयुष्यात एक होडी रंगवली नाही

सुरेखा आज सकाळी गेली आणि दुपारपर्यंत एका भामट्याने तिच्यावर पोस्टसुद्धा टाकली.

"कोळी संस्कृतीची थोर चित्रकार." सोबत होडीचा फोटो.

अरे माणसा, तिनं आयुष्यात एक होडी रंगवली नाही.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

सुरेखा नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्याची. आई बेलापूरला मासळी विकायची. आम्ही दोघी आर्ट स्कूलला एका वर्गात. मी जाहिरातीत गेले, ती कॅनव्हासवर राहिली.

मोठमोठे, निव्वळ रंगांचे कॅनव्हास. ना माणूस, ना झाड.

एकदा तिच्या आईने विचारलं, "रंग बरा हाय गं, पन हे हाय तरी काय?"

"काय नाय आये. रंगच हाय."

हा तिचा मॉडर्निझम. चित्राने गोष्ट सांगायची नाही, कशाची नक्कल करायची नाही, स्वतःच्या पायावर उभं राहायचं. देवावर ठेवावा तसा विश्वास होता तिचा त्यावर.

नव्वदच्या दशकात हे पोस्ट टाकणारे महाशय परदेशातून पोस्टमॉडर्निझम शिकून आले. वाशीत हॉल घेऊन ग्रुप शो लावला. स्वतःला क्युरेटर म्हणवायचे.

"सुरेखा, प्युअर पेंटिंग संपलं. आता कुठलंच एक सत्य नाही. जुनं उचल, बाजारातलं उचल, मिक्स कर, थोडी टर उडव. ओपनिंगला नऊवारी नेसून मासळीची टोपली घेऊन उभी राहा. आयडेंटिटी!"

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "पोस्टमॉडर्नवाले सगळंच चुकीचं बोलत नाहीत गं. मॉडर्न कला 'सगळ्या जगाची कला' म्हणून मिरवली, त्यात आपल्याला कुणी विचारलं होतं? पण ह्याला ते कळलेलंच नाही. ह्याला फक्त टोपली पाहिजे."

ओपनिंगला ती सलवार-कमीजमध्ये आली.

तिच्या चित्राशेजारी ह्याने छापील पाटी चिकटवली होती. 'पाश्चात्त्य ॲबस्ट्रॅक्शनवर एका कोळणीचं उपरोधिक भाष्य.'

"उपरोधिक? मी सिरीयस होते."

भरल्या हॉलमध्ये तो हसला. "चित्र आता तुझं राहिलं नाही. अर्थ प्रेक्षक ठरवतो."

"मग ठरवू दे ना प्रेक्षकाला. तू कशाला पाटी लावलीस?"

आणि तिनं पाटी ओढून काढली. टराटरा फाडली.

लोक हसले. त्याला नाही, तिला.

दुसऱ्या दिवशी तिचे कॅनव्हास टॉयलेटच्या बाजूला, तोंडं भिंतीकडे करून ठेवलेले. आम्ही टेम्पो करून घरी आणले.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. "डिफिकल्ट आहे, जुन्या जमान्यात अडकलीय," हे त्याने जिथं तिथं पसरवलं.

स्वतः मात्र दिवाळ्यातलं एक फाटकं जाळं गॅलरीत टांगून मोठा झाला. स्वतःची म्हणण्यासारखी एक रेघ नाही काढली कधी. आणि आज हा रडतोय!

सुरेखा ऐरोलीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची. रविवारी रंगवायची. शेवटपर्यंत.

परवा गेले तर पलंगावर होती, समोर भिंतीला कॅनव्हास.

"तो कोपऱ्यातला राखाडी जड होतोय गं. मला जरा उठव, बघू दे."

मी तिला टेकवून बसवलं. ती बघत राहिली. बराच वेळ.

"नाही. बरोबर आहे. राहू दे."

आज दिवाळ्याला तिला पोचवून आले.

चित्रं तिच्या भावाकडे आहेत. बघायची असतील तर मला मेसेज करा, मी घेऊन जाईन.

नीट जा, सुरेखा.