चित्राहुतीचा वाटेकरी

माझ्या संसारात मला एकच प्रतिस्पर्धी झाला, आणि त्याला शेपूट होतं.

एरवी मी मत्सरी नाही. कचेरीत माझ्यामागून लागलेले माझ्यापुढे गेले, तेव्हा त्यांचे पेढे मी दोन-दोन खाल्ले. पण कुत्र्याची गोष्ट वेगळी. आमची मुलगी लग्न होऊन सासरी निघाली, तेव्हा एक कान उभा आणि एक पडलेला असं तांबूस पिल्लू तिनं आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घे. म्हणजे तुला घरात एकटं वाटायचं नाही." मी तिथेच उभा होतो. तिचीच ट्रंक हातात धरून.

तेव्हापासून बेंगळूरमधल्या आमच्या चामराजपेटच्या घरात दोन पुरुष झाले. त्यातल्या एकाला "अहो, पाणी तापलंय" एवढंच ऐकू यायचं, आणि दुसऱ्याला "उठलास का रे माझ्या सोन्या? झोप झाली? स्वप्न पडलं का?" मला कसली स्वप्नं पडतात हे बायकोनं आजतागायत विचारलेलं नाही. माझ्याशी ती आमच्या घराण्याची निम्मी कानडी झालेली मराठी बोलायची, तीही मोजूनमापून. कुत्र्याशी मात्र इतकं अघळपघळ आणि लाडिक बोलायची, की पुण्याहून आलेला पाहुणासुद्धा कान टवकारायचा.

फक्त एका जागी माझा मान शाबूत होता, जेवणाच्या पाटावर. माझे वडील जेवायचे तसाच मी जेवायचो. आधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, मग ताटाच्या उजवीकडे जमिनीवर भाताचे चिमूट-चिमूट गोळे ठेवायचे, चूळभर पाणी प्यायचं आणि मगच पहिला घास. त्या चिमटीएवढ्या गोळ्यांना चित्राहुती म्हणतात. त्या यमाच्या नावाच्या, यमाच्या हिशेबनिसाच्या नावाच्या आणि शेवटची सगळ्या प्राणिमात्रांच्या नावाची. जेवण झालं की बायको त्या उचलून कावळ्याला टाकायची.

कुत्र्याला स्वयंपाकघरात यायची बंदी होती. तो उंबऱ्याबाहेर बसायचा. पण माझा पाट उंबऱ्यालगत, आणि त्याची जीभ लांब. पिल्लू असतानाच एकदा माझं पाणी पिऊन होतं न होतं तोच त्यानं मान आत घालून यमाचा सगळा वाटा पुसून नेला. बायको ओरडली, "शी शी, काय हा अनाचार!" आता इथे मी गप्प बसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला शहाणपण सुचलं. म्हणालो, "अगं, सगळ्या प्राणिमात्रांच्या नावाचं असतं ना ते? मग हा काय फर्निचर आहे?" बायको इतकी खूश झाली की त्या दिवशी मला न मागता तूप मिळालं. शत्रूला किल्ल्याचा दिंडी दरवाजा मीच उघडून दिला, तो असा.

मग ते रोजचंच झालं. मी चित्राहुती घालायच्या, त्यानं जीभ आत टाकून त्या चाटायच्या आणि मागल्या पडवीत जाऊन आपल्या वाडग्यातलं जेवायचं. वर्षानुवर्षं. श्वास घेतो हे जसं कुणी बघत बसत नाही, तसं हेही आम्ही कधी बघितलं नाही.

त्याच्या म्हातारपणी त्याला कावीळ झाली. लिव्हरला सूज. आमचे जनावरांचे डॉक्टर तपासून गेले, गोळ्या दिल्या आणि बजावलं, की गोळी खाण्यातूनच द्यायची, रिकाम्या पोटी दिली तर उलटून पडेल. थोडंथोडं खात होता, गोळी जात होती. आणि त्याच आठवड्यात कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं.

सकाळी शटर धडाधड पडल्याचे आवाज आले. दुपारपर्यंत मैसूर रोडच्या बाजूला धुराचे लोट दिसायला लागले. मग पोलिसांची जीप भोंग्यावरून कर्फ्यू पुकारत गेली आणि ज्या गल्लीत रिक्षा एकमेकींना शिंगं लावायच्या, तिथे कावळ्याच्या पायांचा आवाज ऐकू यायला लागला.

आमचे डॉक्टर तमिळ, म्हणजे दंगलखोर ज्यांना शोधत होते त्यांतले. राहायला बनशंकरीला. शेजारच्या अक्कांकडे फोन होता, तिथून बायकोनं त्यांना गाठलं. ती परत आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता. "दारावरची पाटी उतरवलीय म्हणे त्यांनी. दिवे लावत नाहीत. फोनवरसुद्धा हळू बोलत होते." चाळीस वर्षांचा माणूस आपल्याच घरात कुजबुजतोय, हे ऐकून मलाही कसंसं झालं. ते येणं शक्यच नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की तो खातोय तोवर काळजी नाही. खाणं सुटलं तर सलाइन लावावं लागेल, आणि ते लावायला सध्या कुणी नाही.

म्हणजे सगळा मामला त्याच्या खाण्यावर येऊन ठेपला. हे मला पूर्ण कळत होतं. कळून मी काय केलं, ते आता सांगतो.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू थोडा वेळ सैल झाला. मी मफलर गुंडाळून बाहेर पडलो, पोलिसांच्या काठ्यांखालून वाकत रांगेत उभा राहिलो आणि दुधाचं एकच एक पाकीट छातीशी धरून घरी आलो. मनात म्हटलं, आता कॉफी. बेंगळूरच्या माणसाला स्वर्ग आणि कॉफी यांतलं एक निवड म्हटलं, तर तो आधी डिकॉक्शन किती दाट आहे ते विचारेल. पेला समोर आला. आत काळंकुट्ट डिकॉक्शन.

"दूध?"

"एकच पाकीट मिळालं ना. त्याला दूधभात करायचाय."

"आणि मला?"

"तुम्हाला काय झालंय?"

ताप नाही, कावीळ नाही, साधा खोकलासुद्धा नाही. त्या क्षणी मला माझ्या प्रकृतीची लाज वाटली. पेला खाली ठेवून पडवीत गेलो, तर माझा मफलर, अजून माझ्या मानेची ऊब असलेला, त्याच्या पोटाखाली अंथरलेला. बायको वाडगा घेऊन बसली होती. "खा रे राजा, एक घास. चिऊचा एक. बरं, काऊचा तरी?" आमच्या लग्नात उखाणा घेऊन घास भरवायचा होता, तेव्हा या बाईनं "मला लाज वाटते" म्हणून पान बाजूला सारलं होतं.

मी जाहीर केलं, "मला आज जेवायचं नाही."

आमच्या घरात नाही म्हणायची एक रीत आहे. एकानं नको म्हणायचं, दुसऱ्यानं "असं काय करता, दोन घास तरी" म्हणायचं, पहिल्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला उपकार केल्यासारखं पाटावर बसायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. मी चेहरा लांब करून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिलो. पहिलाच आला नाही.

"सरी," ती म्हणाली. कानडीत 'बरं' म्हणायचा हा शब्द किती थंड असू शकतो, हे तीनशे वर्षं या मुलखात राहूनही आमच्या घराण्यात कुणाला कळलं नसेल. आणि ती पुन्हा वाडग्याकडे वळली.

आता माघार कशी घ्यायची? रात्रीही नाही जेवलो. कपाटातल्या डब्यातले चुरमुरे बायकोची पाठ वळली की उभ्याउभ्या तोंडात टाकायचो आणि ते कुरकुरू नयेत म्हणून चघळत बसायचो. तिकडे कुत्र्यानंही तोंड मिटलं. कालपर्यंत थोडंफार खात होता, आता वाडग्याकडे बघेना. गोळी जबरदस्तीनं घशात घातली, ती उलटून पडली. बायकोचे डोळे सुजले. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण खरं सांगतो, त्याहून जास्त राग आला. उपास मी धरला, आणि बाजी त्यानं मारली! मी जेवलो नाही तर "सरी", आणि तो जेवला नाही तर घरात सुतक.

"दोघं सारखेच हट्टी," बायको एकदा पुटपुटली. पण हात फक्त त्याच्याच डोक्यावरून फिरत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती डॉक्टरांना फोन करायला अक्कांकडे गेली. मी संधी साधली. सकाळचा भात, ताक, लोणचं असं ताटात घेतलं आणि चोरासारखा पाटावर बसलो. पण हाताची सवय बघा. माणूस स्वतःच्याच घरात चोरी करतोय, बायको कुठल्याही क्षणी येईल, घास घशाखाली ढकलायचा सोडून हात ताटाभोवती पाणी फिरवतोय! चित्राहुती घातल्या. पाणी प्यालो.

पडवीत नखांचा आवाज झाला. भिंतीला टेकत, मधेच बसत, पुन्हा उठत तो उंबऱ्यापर्यंत आला. जीभ आत टाकली. एकेक चित्राहुती सावकाश चाटली. मग माझ्याकडे न बघता वळला, तसाच झोकांड्या खात पडवीत गेला आणि वाडग्यातला दूधभात खायला लागला.

घास माझ्या हातातच राहिला. इतकी वर्षं त्याच्या लेखी चित्राहुती म्हणजे पंगतीतलं "सावकाश होऊ द्या" होतं. ती पडल्याशिवाय जेवायचं नाही. मी रुसलो म्हणून त्याची पंगत खोळंबली होती.

फाटक वाजलं. मी ताट मोरीत लपवलं आणि तोंड पुसून पेपर उघडला. तोही तीन दिवसांपूर्वीचा.

"अहो!" पडवीतून तिची हाक आली. "खाल्लं! बाळानं खाल्लं! मघाशी मी एवढं सांगून गेले ना, ते ऐकलं बघा त्यानं!" तिनं घाईघाईनं उरल्या भातातून गोळी दिली. ती टिकली. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती आणि मी शिळ्या पेपरातला हवामानाचा अंदाज वाचत होतो. श्रेय माझं, आणि मांडीवर तो. पण बोललो असतो, तर उपास फुटला असता.

संध्याकाळी तिनं पुन्हा वाडगा पुढे केला. चिऊ झाली, काऊ झाला. तो हलेना. "आता काय झालं रे तुला? दुपारी तर खाल्लंस." तिनं गोळी हातात धरली होती. "डॉक्टर म्हणाले, आज दोन वेळा पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर..."

मी उभा राहिलो. आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं, जेवढी त्या वेळी माझी जीभ.

"मला वाढ."

"भूक लागली?"

"मला नाही. त्याला."

तिला वाटलं, उपासानं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. पण वाढलं. मी पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, पाणी प्यालो. नखं वाजली. जीभ आली. तो परत गेला आणि वाडग्यात तोंड घातलं.

बायकोनं वाडग्याकडे पाहिलं, माझ्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही रुसून बसलात म्हणून हा उपाशी."

"हो."

"आणि दुपारी?"

"ताट मोरीत आहे."

मला वाटलं, आता तोफ डागली जाणार. पण तिनं जे केलं ते तोफेहून भारी होतं. त्या दिवसापासून ती मला दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं वाढायला लागली. आग्रहसुद्धा असा, की आमच्या लग्नात झाला नसेल. "घ्या हो, एवढासा भात. बसा ना पाटावर." मी तृप्त होऊन बसायचो आणि मान वर करायचो, तर तिची नजर माझ्या ताटावर नसायची. उंबऱ्यावर असायची. कुंपणापलीकडून अक्कांनी विचारलं, "काय अण्णा, स्वल्प अंगानं भरलात का कर्फ्यूत?"

पण या वेळी जळायची पाळी तिची होती, आणि ते मला लोण्यासारखं गोड लागत होतं. कर्फ्यू उठला, डॉक्टर आले. थकलेले दिसले, दाढी वाढलेली. पोट दाबून म्हणाले, सूज उतरतेय. "कुणाच्या हातचं खातो?"

"यांच्या," ती म्हणाली. तो एक शब्द तिनं असा उच्चारला, जसं कारल्याचं बी चावावं.

दोन दिवसांनी जेवायच्या वेळी ती माझ्या पाटावर येऊन बसली. आमच्या घरात बायकांनी चित्राहुती घालायची पद्धत नाही. "आज मी घालते," तिनं सांगितलं. विचारलं नाही. मी मोठ्या मनानं पलीकडच्या पाटावर सरकलो. हसू दाबत होतो. इतक्या वर्षांची ओळख आहे आमची, म्हटलं, बघू दे हिला एकदा.

तिनं पाणी फिरवलं. मीही माझ्या ताटाशी चित्राहुती घातल्या, जरा ठळकच. नखं वाजली. तो उंबऱ्यावर आला, तिच्याकडच्या चित्राहुती चाटल्या, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मग आजारातून उठल्याचा हक्क बजावत उंबरा ओलांडून आत आला आणि तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून डोळे मिटले.

म्हणजे माणूस कोण याला महत्त्व नव्हतंच. उंबऱ्यालगत भात पडला की झालं.

तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी लग्नात पाहिलं नव्हतं. माझ्याकडच्या चित्राहुती वाळत होत्या. तेवढ्यात, कदाचित माझं तोंड बघून असेल, ती म्हणाली, "कॉफी हवी? आज दूध आहे."

मी धडा शिकलो होतो. नको वगैरे काही नाही. "हवी," मी ताबडतोब म्हणालो.

"मग तुम्हीच करा ना. याचा आत्ताच डोळा लागलाय."

मी उठलो. दोन पेल्यांत कॉफी केली, एक तिच्या हाताशी ठेवला, आवाज न करता. दुसऱ्यात दूध जरा जास्तच ओतलं. त्याच्या वाट्याचं.