पाण्याखालचं वावर

डांबराचा वास आला की ती डांबर फासलेली छोटी होडी आठवते. आई गेल्यावर बाबांनी धरणावरून ती दिवसभरासाठी भाड्याने घेतली आणि वल्ही स्वतःच धरली. आईची राख आपल्याच वावरात टाकायची होती, पण वावर केव्हाच धरणात बुडालेलं. पाणी अगदी स्तब्ध होतं. मध्येच त्यांनी होडी लांबून वळवली. “बाबा, सरळ चला ना, काऊन वळसा घेता?” मी विचारलं. “मधात तुह्या काकाचं वावर हाये. तुह्या मायले त्यानं कधी त्यातून जाऊ देलं नाही. आज कायले त्याचं बोलणं खाऊ?” पुढे एका जागी वल्ही थांबवून त्यांनी राखेचं मडकं हळूच पाण्यावर कलतं केलं. “आलं वं आपलं वावर,” ते राखेकडे पाहत म्हणाले, “उतर.” परवा बाबा गेले. त्यांनाही तिथेच न्यायचं आहे, आणि त्या पाण्यात आमचं वावर कुठे सुरू होतं ते मला ओळखता येत नाही.